केडगावचे कृपा सदन

पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात, पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव हे छोटे स्थानक आहे. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन याच गावात उभे राहिले. त्याच्या आवारात एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस एक निराळे घर बांधण्यात आले आणि त्याला कृपा सदन असे नाव देण्यात आले. एखाद्या पुरुषाने फूस लावून नेलेल्या, वापरून सोडून दिलेल्या, दुष्काळात किंवा तीर्थक्षेत्रात कोणाच्या तरी तावडीत सापडलेल्या मुली आणि तरुण स्त्रिया यांच्यासाठी ते घर होते. त्यांतील पुष्कळ जणी आजच्या हिशेबाने शाळकरी वयाच्या होत्या. त्या काळी अशा मुलीला ‘पतित’ म्हणत, आणि हा शब्द एकदा चिकटला की माहेर, सासर आणि गाव ही तिन्ही दारे तिला बंद होत. कृपा सदनाने तिला छप्पर दिले, काम दिले आणि श्रद्धेच्या आधाराने नव्याने उभे राहण्याची वाट दाखवली. महाराष्ट्रात या कामाला एवढे मोठे आणि एवढे उघड रूप त्याआधी आलेले नव्हते.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न होणे ही सर्वसाधारण रीत होती. नवरा मेला की उच्चवर्णीय घरातील ती मुलगी वयात येण्याआधीच सोवळी होई. एकवेळचे जेवण, न संपणारे घरकाम आणि अपशकुनी म्हणून होणारा तिरस्कार यांत तिची वर्षे जात. अशा घरात तिच्याशी दोन शब्द गोडीने बोलणारा पुरुष बहुधा नात्यातला, शेजारचा किंवा घरी येणारा-जाणारा भिक्षुक असे. त्या गोड बोलण्याचा शेवट गरोदरपणात झाला की पुरुष बाजूला होई आणि मुलीपुढे विहीर, गर्भपात, बालहत्या किंवा परागंदा होणे एवढेच पर्याय उरत. कायद्याचा आधार नावापुरता होता. १८६०च्या भारतीय दंडविधानात मुलीचे संमतिवय १० वर्षे होते. १८९१ मध्ये मोठ्या वादंगानंतर ते १२ करण्यात आले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला कोणी नादी लावले, तर कायद्याच्या नजरेत ती जाणती होती आणि समाजाच्या नजरेत गुन्हेगार. लग्नाच्या आतही तिला सुटका नव्हती. बालपणी लावून दिलेल्या लग्नातील नवऱ्याकडे नांदायला रखमाबाईंनी नकार दिला, तेव्हा १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जाण्याचा हुकूम दिला, आणि तो न मानल्यास तुरुंगवास ठरलेला होता.

या प्रश्नाला पहिला हात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी घातला. १८६३ मध्ये पुण्यात त्यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. गरोदर विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे आणि मूल ठेवायचे किंवा सोपवायचे ते ठरवावे, अशी सोय तेथे होती. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने दत्तक घेतले. पुढे १८७५ मध्ये प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरातही असे गृह निघाले. यात्रेच्या निमित्ताने घराबाहेर पडता येत असल्याने अडचणीत सापडलेल्या विधवा पंढरपुरास येत, हे त्यामागचे कारण होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून थेट विचारले की, फसवणारा पुरुष कोठे आहे. ही कामे मोलाची होती. पण बाळंतपण उरकल्यावर त्या मुलीने पुढची चाळीस-पन्नास वर्षे कोठे आणि कशाच्या बळावर काढायची, याचे उत्तर अजून कोणाकडे नव्हते.

रमाबाईंना त्या उत्तराची चाहूल इंग्लंडमध्ये लागली. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई डोंगरे आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत वाढल्या. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला, मनोरमा ही मुलगी झाली, आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे फसलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवत. तेथे रमाबाईंना पूर्वी त्याच आश्रयाला आलेल्या आणि आता आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया भेटल्या. ज्यांना समाजाने टाकून दिले त्याच इतरांना सावरत आहेत, हे दृश्य त्यांच्या अनुभवात कोठेच बसणारे नव्हते. असे करण्याची प्रेरणा कोठून येते, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवली. अनेक पुरुषांबरोबर राहिलेली ती स्त्री विहिरीवर भर दुपारी एकटी येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि खऱ्या उपासनेविषयी तिच्याशी बोलतो. रमाबाईंनी नंतर आपल्या आत्मकथनात फुलहॅमच्या या भेटीला आपल्या धर्मांतरामागची निर्णायक घटना म्हटले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावी जे घडले त्याचे मूळ फुलहॅमच्या त्या घरात आहे.

मात्र भारतात परतल्यावर रमाबाईंनी सुरुवात केली ती शाळेने. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे १८८७ मधील त्यांचे इंग्रजी पुस्तक आणि अमेरिकेतील दौरा यांतून बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढच्याच वर्षी सदन पुण्यात आले. शाळा धर्मनिरपेक्ष असेल असे वचन होते आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळात होते. रमाबाईंच्या खोलीतील प्रार्थनेला काही मुली आपण होऊन बसू लागल्या, तेव्हा ‘केसरी’ने तोफ डागली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी २५च्या आसपास मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की त्यांनी कोणावर सक्ती केली नाही, पण दार बंद करूनही प्रार्थना केली नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की निराधार अल्पवयीन मुलगी जिच्या छपराखाली जगते तिच्या श्रद्धेला ती सहज नाही म्हणू शकत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि केडगावच्या पुढील साऱ्या इतिहासावर या वादाची सावली राहिली.

शाळेपासून आश्रयगृहाकडे रमाबाईंना ओढून नेले ते तीन अनुभवांनी. पहिला अनुभव वृंदावनचा. यात्रेकरूच्या वेषात त्या तेथे गेल्या आणि देवाच्या दारी उरलेले आयुष्य काढायला आलेल्या तरुण विधवांची पुजारी-पंडे कशी दुर्दशा करतात ते त्यांनी पाहिले. भक्तीच्या नावाने मुलगी घरातून निघे आणि भक्तीच्याच नावाने तिचे शोषण होई. रमाबाईंनी त्यावर अतिशय कठोर शब्दांत लिहिले आहे.

दुसरा अनुभव १८९६-९७च्या दुष्काळाचा. मध्य प्रांतात पीक बुडाले आणि सरकारने मदतीच्या छावण्या व अन्नगृहे उघडली. रमाबाई स्वतः कोवळ्या वयात दुष्काळात होरपळलेल्या होत्या, त्यामुळे भूक माणसाला कोठवर नेते हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. या छावण्यांत अन्न वाटणारे मुकादम आणि पहारेकरी पुरुष असत. मूठभर धान्याच्या बदल्यात मुलीचे शरीर मागितले जाई. बाहेर दलाल टपलेले असत आणि काही नाण्यांना मुली विकल्या जात. हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि छापून प्रसिद्ध केले. त्यांनी सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया निवडून पुण्याकडे आणल्या. केवळ हाडांचे सापळे झालेल्या, खरजेने आणि तापाने पिडलेल्या या मुलींपैकी अनेकींनी एवढ्याशा वयात माणसाचा भरवसा पार गमावला होता.

तिसरा अनुभव प्लेगचा, आणि तो खुद्द त्यांच्या आश्रमातला. १८९७ मध्ये पुण्यात रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीचा अंमल होता. संशयित रोग्यांना घरातून उचलून रुग्णालयात किंवा विलग छावणीत नेले जाई. शारदा सदनातील एका तरुण मुलीला असेच नेण्यात आले आणि ती परत आली नाही. तेथील पहारेकऱ्याने तिला आपल्या ताब्यात ठेवल्याचा आरोप रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून केला. प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळला, पण रमाबाईंनी आपले शब्द मागे घेतले नाहीत. ज्या सरकारच्या धर्मबंधूंकडून त्यांच्या कामाला पैसा येत होता, त्याच सरकारवर त्यांनी एका अनाथ मुलीसाठी बोट रोखले. रमाबाईंना परकीयांच्या हस्तक म्हणणाऱ्यांनी या पत्राची पुरेशी दखल घेतली नाही.

प्लेगच्या भीतीने पुण्यात एवढ्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. शारदा सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून केडगावला सुमारे १०० एकर जमीन आधीच घेऊन ठेवलेली होती. उघड्या माळावर तंबू आणि कुडाच्या झोपड्या टाकून मुलींना तेथे हलवण्यात आले. विहिरी खणल्या गेल्या, भाजीपाला आणि फळझाडे लावली गेली. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदनाच्या पक्क्या इमारतीचे समर्पण झाले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंनी पुन्हा माणसे पाठवली, आणि मुक्तीतील वस्ती २०००च्या आसपास गेली. ही संख्या त्या काळच्या एखाद्या बाजारगावाएवढी आहे, आणि तिचा कारभार जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांच्या हाती होता.

या गर्दीतून कृपा सदन वेगळे काढण्यात आले. मुक्ती सदनात अनाथ आणि विधवा मुली, प्रीती सदनात वृद्ध आणि अपंग स्त्रिया, बार्तिमय सदनात अंध मुली, सदानंद सदनात लहान मुलगे, आणि कृपा सदनात पुरुषांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या मुली व स्त्रिया, अशी ती विभागणी होती. वेगळ्या घरामागे व्यवहार होता. या मुलींपैकी काही गुप्तरोगाने आजारी असत, काही गरोदर असत, काहींना दलालांच्या हाती मिळालेल्या सवयी सुटत नसत, आणि लहान मुलींपासून त्यांना दूर ठेवावे असे चालकांना वाटे. पण वेगळे घर ही वेगळी खूणही होती. तेथे राहणारी प्रत्येक मुलगी कशातून आली आहे हे साऱ्या आवाराला कळत असे. रमाबाईंच्या कामातील ही उणीव नजरेआड करण्यासारखी नाही, जरी त्या काळात इंग्लंडमधली आश्रयगृहेही अशीच स्वतंत्र असत.

नव्या मुलीची सुरुवात अंघोळ, औषध, स्वच्छ लुगडे आणि दोन वेळचे पोटभर जेवण यांनी होई. त्यानंतर तिला थोड्या मुलींच्या गटात एका मोठ्या स्त्रीच्या हाती सोपवले जाई. या मोठ्या स्त्रियांपैकी काही शारदा सदनात शिकलेल्या होत्या आणि काही स्वतः दुष्काळातूनच आलेल्या. सुरुवातीला मुली पळून जात, भांडत, अन्न लपवून ठेवत. ज्यांना दिलेला प्रत्येक घास काहीतरी वसूल करून मिळाला होता, त्यांना फुकट मिळणाऱ्या घासाचा संशय येणे साहजिक होते. दिवस ठरलेला असे. पहाटे प्रार्थना, मग शाळा आणि मग काम. मुक्तीत हातमाग होते, तेलाचा घाणा होता, शिवणकाम, धुणे, दूधदुभते, शेती आणि छापखाना होता. खाऊन-पिऊन बसून राहणाऱ्या आश्रितांची वस्ती रमाबाईंना नको होती. मुलीच्या हातात विद्या आली की तिला पुन्हा कोणा पुरुषाच्या मर्जीवर जगावे लागणार नाही, हा विचार शारदा सदनापासून चालत आला होता.

या दिनक्रमात श्रद्धेचे काम नेमके काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. मुलगी ज्या समाजातून आली होती त्याने तिचे दुर्दैव तिच्या पूर्वजन्मीच्या कर्माशी जोडले होते. नवरा मेला तो तिच्या पापाने, आणि पुरुषाने तिला नासवले तेही तिच्या पापाने. या हिशेबात भरपाई या जन्मी होणारच नव्हती. केडगावी तिला सांगितले जाई की पाप क्षमा होते, या जन्मी होते, आणि त्यासाठी कोणा मध्यस्थाला काही द्यावे लागत नाही. जिच्या अंगाला हात लागला म्हणून घरातले भांडे तिला बंद झाले होते, तिला येशू विहिरीवर स्वतः पाणी मागतो, ही कथा मराठी खेड्यातील मुलीला समजावून सांगावी लागत नसे. पाणवठा, विटाळ आणि एकटीने पाणी भरायला जाणे हे तिच्या रोजच्या जगण्यातले होते. त्यामुळे फुलहॅममध्ये रमाबाईंवर जो परिणाम झाला तो केडगावच्या माळावर अधिकच खोल झाला असणार. तरीही या शिकवणीची एक बाजू खुपते. पापक्षमा मिळवण्यासाठी मुलीला आधी आपण पापी आहोत हे मान्य करावे लागे, आणि तिच्याबाबतीत अपराध दुसऱ्याचा होता. रमाबाईंच्या लेखनात मात्र मुकादम, पंडे आणि दलाल यांना अपराधी म्हणून स्पष्टपणे उभे केलेले दिसते. त्यांच्या प्रार्थनेच्या भाषेपेक्षा त्यांच्या आरोपपत्राची भाषा या मुलींना अधिक न्याय देणारी आहे.

१९०५ मध्ये या श्रद्धेला उधाण आले. वेल्समधील धर्मजागृतीच्या बातम्या ऐकून रमाबाईंनी वर्षाच्या सुरुवातीपासून प्रार्थनागट सुरू केले होते. जूनच्या अखेरीस एका रात्री एका मुलीला अंगभर अग्नी पसरल्यासारखा अनुभव आला आणि पाहता पाहता तो ओघ साऱ्या आवारात पसरला. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करत, रडत, आपल्या आयुष्यातील गोष्टी सर्वांसमक्ष बोलून टाकत. काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये यावर पुस्तक लिहिले. ते चिलीपर्यंत पोचले आणि तेथील पेंटेकोस्टल चळवळीला त्याने चालना दिली. त्या काळच्या टीकाकारांनी या प्रकाराला उन्माद म्हटले. पण वर्षानुवर्षे तोंड दाबून जगलेल्या शेकडो मुलींना प्रथमच मोठ्याने रडण्याची आणि झालेले बोलून दाखवण्याची जागा मिळाली, ही गोष्ट त्या टीकेत हरवून गेली. उत्साह ओसरल्यावर मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत प्रार्थना आणि प्रचारासाठी जाऊ लागले. काल जिला गावाने हाकलले होते ती आज चार जणींबरोबर गावात येऊन बोलत होती. तिच्या बोलण्याशी सहमत नसलेल्यांनाही तिचे उभे राहणे दिसत होते.

रमाबाईंचे अखेरचे मोठे काम याच मुलींसाठी होते. उपलब्ध मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, केडगावच्या मुलींना ते कळत नाही, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बोलीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. पानांचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच जुळवले, छपाईही त्यांनीच केली. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. बायबल पूर्ण छापून निघाले ते १९२४ मध्ये.

मुक्तीतून बाहेर पडलेल्या मुलींपैकी काही शिक्षिका झाल्या, काही परिचारिका, काही खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या बायबल-स्त्रिया. अनेकींची ख्रिस्ती तरुणांशी लग्ने लावून देण्यात आली. काही जणी पटकी, ताप आणि दुष्काळाने खिळखिळ्या झालेल्या शरीरामुळे लवकर गेल्या. काही पळाल्या आणि पुन्हा सापडल्या नाहीत. आपल्या हाताने लिहिलेली कहाणी त्यांच्यापैकी फार थोड्या जणींनी मागे ठेवली. जे मिळते ते मिशनच्या वार्तापत्रांतून, आणि ती देणगीदारांसाठी लिहिलेली असल्याने त्यांत परिवर्तनाच्या कथा अधिक आणि अर्धवट राहिलेल्या कथा कमी आहेत.

कृपा सदनाच्या जोडीने आणि त्याच्याशी स्पर्धा म्हणूनही दुसरी घरे उभी राहिली. धर्मांतर न करता विधवांना शिकवता यावे म्हणून धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्यास गेला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे यांची शारदा सदनातील वर्षे त्या घरात सोबत आली होती. १९२७ मध्ये मुंबईत स्वामी श्रद्धानंदांच्या स्मरणार्थ श्रद्धानंद महिलाश्रम सुरू झाला. फसलेल्या स्त्रिया आणि त्यांची मुले यांना हिंदू समाजातच आसरा मिळावा हा त्यामागचा हेतू होता. ज्या कामासाठी रमाबाईंना धर्म बुडवणारी ठरवण्यात आले, तेच काम तीस वर्षांत धर्म राखण्यासाठी आवश्यक मानले गेले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. निराधार मुली आणि स्त्रिया तेथे राहतात, शिकतात आणि काम करतात.